जुन्या मोटरहोममध्ये इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तापमान कसे पाहावे

ओंकारेश्वरहून इंदूरला परतताना बडवाह आणि बलवाडा मागे पडले की भेरूघाटाची चढण सुरू होते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी, याच चढणीवर, आमच्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या किंचित वर असताना हळूहळू खाली उतरू लागला, आणि गाडीने घाट चांगला सोसला या समाधानात मी तसाच पुढे जात राहिलो. मिनिटभरात मागून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, काकवीसारखा गोड वास येतोय कुठूनतरी." तो वास कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मिसळलेल्या द्रवाचा, होता. आदल्याच आठवड्यात एका मिस्तरीने बदललेल्या खालच्या होज पाइपाची क्लिप ढिली होऊन रेडिएटर जवळजवळ रिकामा झाला होता. काटा उतरला तो इंजिन थंड झाले म्हणून नव्हे, तर सेन्सर ज्या पाण्याचे तापमान मोजत होता ते पाणीच तिथे उरले नव्हते म्हणून. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, वाचले, त्याखालचे गॅस्केट मात्र गेले.

तेव्हापासून मी कारखान्याने दिलेल्या काट्यावर विसंबणे सोडले आणि गाडीत आकडे दाखवणारी मीटरे बसवली. ती कोठे बसवावीत, त्यांची परीक्षा कशी घ्यावी आणि त्यांतून काय वाचावे, हे पुढे सांगितले आहे. मात्र कोणताही आकडा स्वतःहून फारसे काही सांगत नाही. आपल्या गाडीचा, त्याच रस्त्यावरचा, नेहमीचा आकडा ठाऊक असेल तरच आजचा आकडा बोलतो.

मोटरहोमचे दुखणे वेगळे का असते, हे आधी समजून घ्यावे. प्रवासी गाडी एका फेरीला भरलेली तर दुसऱ्या फेरीला रिकामी असते; मोटरहोममध्ये पलंग, ओटा, गॅसची टाकी, पाण्याची टाकी आणि जादा बॅटऱ्या कायमच्या असतात, त्यामुळे तिचे इंजिन प्रत्येक चढण भरल्या गाडीनेच चढते. अंगाने ती कपाटासारखी उभी, म्हणून सपाट रस्त्यावरही वाऱ्याचा विरोध मोठा. आमच्या ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या परवान्याखाली बनलेले जुने ओएम 616 जातीचे डिझेल इंजिन आहे. ते दणकट आहे, पण ताकद मोजकीच, आणि आखूड बोनेटखाली हवेला वाव कमी. अशा गाडीत उष्णता निर्माण होण्याचा वेग आणि ती बाहेर जाण्याचा वेग यांच्यात फारसे अंतर नसते, आणि जुन्या गाडीत तेही दरवर्षी थोडे घटत जाते. तापमान पाहायचे ते हे घटणारे अंतर कळावे म्हणून.

इंजिनाचा सेन्सर

मूळ काट्यावर बहुधा आकडे नसतात, फक्त थंड आणि गरम अशा दोन टोकांच्या खुणा असतात, आणि पुष्कळ गाड्यांत तो मुद्दामच असा बनवलेला असतो की बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावरच स्थिर दिसावा. जुन्या वायरिंगची भर वेगळीच. हेडलाइट लावल्यावर किंवा पंखा सुरू केल्यावर तापमानाचा काटा हलत असेल, तर गाडी हीट घेत नसून अर्थिंग कच्चे आहे असे समजावे. तो काटा काढून टाकू नये, पण त्याच्या जोडीला अंशांत आकडा दाखवणारे स्वतंत्र मीटर आणि त्याचाच जोडीचा सेन्सर बसवावा. एका कंपनीचे मीटर आणि दुसरीचा सेन्सर असा संसार थाटू नये, कारण तापमानानुसार विद्युत रोध कसा बदलतो हे प्रत्येक सेन्सरचे निराळे असते आणि चुकलेली जोडी आत्मविश्वासाने खोटे बोलते.

सेन्सरची जागा सिलिंडर हेडमधून गरम पाणी बाहेर पडते तिथे, थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर उघडून ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, इंजिनाच्या बाजूला असावी. थर्मोस्टॅटच्या पलीकडे बसवलेला सेन्सर तो उघडेपर्यंत साचलेल्या गार पाण्याचे तापमान दाखवतो. हेडवर मोकळे छिद्र नसेल तर वरचा होज पाइप कापून त्यात धातूचा जोड बसवता येतो. मग ही मर्यादा लक्षात ठेवून वाचावे. एकाच वायरीचा सेन्सर असेल तर त्याचे अर्थिंग आट्यांतूनच होते, म्हणून आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू नये. आकडा कमी दिसू लागतो आणि माणूस निष्कारण निश्चिंत राहतो. रबरी होजमधल्या जोडाला तर वेगळी अर्थची वायर द्यावीच लागते.

बसवण्यापूर्वी सेन्सरची परीक्षा स्वयंपाकघरात घ्यावी. चहाच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळत ठेवून सेन्सरचे टोक भांड्याच्या तळाला न लावता त्यात बुडवावे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी 100 ला नव्हे, 98 अंशांच्या आसपास उकळते, तेव्हा मीटरने 98 दाखवले तर ते बरोबर आहे. नंतर बर्फ घातलेल्या पाण्यात शून्याच्या जवळचा आकडा येतो का तेही पाहावे. दोन-तीन अंशांचा फरक चालतो, पण तो वहीत लिहून ठेवावा.

आता भेरूघाटाकडे परत येऊ. पाण्यातला सेन्सर पाणी असेपर्यंतच खरे सांगतो. कोरड्या जागेत अडकलेली हवा आणि वाफ धातूपेक्षा कितीतरी गार असू शकते. म्हणून दुसरा सेन्सर धातूवर हवा. बोल्टखाली अडकणारी, कडीसारख्या टोकाची थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी दोन धातूंची वायर, मिळते. ती हेडवरच्या एखाद्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली लावावी, मात्र हेड आवळणाऱ्या मुख्य बोल्टांना हात लावू नये, कारण त्यांचा ताण ठरवून दिलेला असतो. पाण्याचा आणि धातूचा आकडा रोज एका ठरावीक अंतराने चालतात. ज्या क्षणी धातूचा आकडा वर आणि पाण्याचा खाली जाऊ लागेल, त्या क्षणी पुढचा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरच्या वरच्या टाकीत पाण्याची पातळी पाहणारा सेन्सर आणि बझर लावला तर आणखी उत्तम. माझ्या मते खर्च मोजकाच करायचा असेल तर शोभेच्या मीटरापेक्षा हा बझर आधी घ्यावा.

वही आणि ऋतू

मीटर बसवल्यावर पहिला महिना दुरुस्तीचा विचार न करता केवळ नोंदी कराव्यात. ठिकाण, बाहेरचे तापमान, गिअर, वेग, इंजिनाचा आकडा आणि गिअरबॉक्सचा आकडा एवढे पुरते. चालवणाऱ्याने लिहू नये, शेजारी बसणाऱ्याने लिहावे. रस्ता शक्यतो तोच असावा. मी इंदूरहून बडवाहकडे जाताना लागणारी तेजाजीनगर, सिमरोल, घाटमाथा आणि बलवाडा ही ठिकाणे धरतो, आणि खरी परीक्षा परतीच्या प्रवासात होते, कारण नर्मदेच्या खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर चढताना गाडीला दम काढावा लागतो. मंडलेश्वरहून महूकडे येणारा जाम घाट त्याहून खडा आहे. तो नोंदींसाठी नव्हे, नोंदींवरचा विश्वास तपासण्यासाठी ठेवावा.

या वहीतून सर्वांत मोलाची गोष्ट कळते ती डिसेंबर आणि मे यांची तुलना केल्यावर. थर्मोस्टॅटवर तो कोणत्या तापमानाला उघडू लागतो तो आकडा कोरलेला असतो. जुन्या डिझेल इंजिनांत तो साधारण 80 ते 88 अंशांच्या दरम्यानचा असतो. कूलिंगची व्यवस्था धडधाकट असेल तर सपाट रस्त्यावर थर्मोस्टॅट अर्धवट उघडा राहून तापमान सांभाळतो, त्यामुळे बाहेर 15 अंश असोत की 42, इंजिनाचा आकडा तीन-चार अंशांपलीकडे हलत नाही. पण सपाट रस्त्यावरचा तुमचा आकडा हवेच्या मागे मागे चालत असेल, म्हणजे थंडीत 80, मार्चमध्ये 86 आणि मे महिन्यात 94 असे दिसत असेल, तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडूनही त्याच्या हातात काही उरलेले नाही असा त्याचा अर्थ होतो. रेडिएटर जेवढे देऊ शकतो तेवढे आधीच देऊन बसला आहे आणि घाटासाठी शिल्लक काही नाही. गाडी अजून एकदाही उकळलेली नसते, काटा मध्यावर असतो, मिस्तरी "साहब, काँटा तो बीच में है" म्हणून निघून जातो, आणि दुखणे मात्र वहीत स्पष्ट लिहिलेले असते.

याच संदर्भात आपल्याकडच्या एका खोडीबद्दल लिहिलेच पाहिजे. गाडी हीट घेते अशी तक्रार केली की पुष्कळ ठिकाणी थर्मोस्टॅट काढून फेकून देतात. आकडा काही दिवस खाली येतो, पण थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही, डिझेल नीट जळत नाही, धूर आणि झीज वाढते, आणि उन्हाळ्यातला मूळ दोष जिथे होता तिथेच राहतो. हिवाळ्यात सपाट रस्त्यावर आकडा 60–65 च्या वर जात नसेल तर आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, ते पाहावे.

आमच्या गाडीत 82 ला उघडणारा थर्मोस्टॅट आहे. सपाट रस्त्यावर 83 ते 87, घाटात 95 पर्यंत, हा तिचा स्वभाव. 100 ला मी पाय हलका करतो, 105 ला थांबण्याची जागा शोधतो आणि 110 पर्यंत जाऊ देत नाही. हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. थर्मोस्टॅट, रेडिएटरची कॅप आणि इंजिन यांनुसार ते बदलतात. कॅपचा संबंध असा, की 0.9 बार दाब धरणारी शाबूत कॅप असेल तर इंदूरच्या उंचीवर साधे पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळते, आणि निम्मे पाणी, निम्मे कूलंट असेल तर त्याहूनही वर. कॅपचे रबर गेले की तेच पाणी 98 ला उकळू लागते. म्हणून 100 अंशांच्याही आत पाणी बाहेर येत असेल तर रेडिएटर उतरवण्याआधी कॅप बदलून पाहावी.

आकडा केव्हा चढतो यावरून दोष कोठे आहे याचा बराच अंदाज येतो. इंदुरात राजवाड्याच्या गर्दीत उभ्याउभ्या चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचे चिकट तेलाचे कपलिंग, पट्टा आणि पंख्याभोवतीचे आवरण तपासावे. उलट गर्दीत ठीक, पण वेगात किंवा चढावर चढतो, तेव्हा पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. रेडिएटर आतून गाळाने भरला असेल, वॉटर पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज वेगात शोषला जाऊन चपटा होत असेल. आकडा क्षणात आठ-दहा अंश वर आणि पुन्हा खाली उड्या मारत असेल तर आत हवा अडकली आहे किंवा पाणी कमी आहे. पाणी भरूनही पुन्हा पुन्हा हवा होत असेल, तर गार इंजिनावर कॅप काढून, इंजिन सुरू करून बुडबुडे येतात का पाहावे. ते थांबतच नसतील तर हेड गॅस्केटकडे संशय जातो.

गिअरबॉक्स

आपल्याकडच्या जुन्या मोटरहोम बहुतेक मॅन्युअल गिअरच्या असतात, आणि तिथे प्रश्न तुलनेने साधा असतो. गिअर ऑइल पंपाने नव्हे, गिअरांच्या दात्यांनी उडवून फिरते. बाहेरची हवा खोक्यावरून वाहिली की तेवढीच थंडाई. सेन्सर तेलाच्या ड्रेन बोल्टात बसवण्याचा मोह होतो, पण तो सर्वांत खाली, दगडांच्या मारात असतो, आणि लोहकण पकडणारा चुंबकी बोल्ट असल्यास तोही गमवावा लागतो. मी खोक्याच्या बाजूला, तेलाच्या पातळीच्या खाली, पृष्ठभाग घासून स्वच्छ करून छोटा सेन्सर ॲल्युमिनियमच्या टेपने चिकटवला आहे. आतल्या तेलापेक्षा तो काही अंश कमीच दाखवतो, पण रोज तेवढाच कमी दाखवतो, आणि तुलनेसाठी एवढे पुरेसे आहे. आमच्या गाडीत हा आकडा सपाट रस्त्यावर 60–70 आणि घाटानंतर 80–85 असतो. त्याच रस्त्यावर, त्याच हवेत तो 15 अंशांनी वर दिसला, तर तेल कमी झाले आहे, चुकीच्या जातीचे भरले आहे किंवा एखादे बेअरिंग बोलू लागले आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट मोठी आहे. आमच्या भाच्याकडे अमेरिकेत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीची, फोर्ड ई-350 च्या सांगाड्यावरची मोटरहोम आहे, आणि कॅलिफोर्नियात आय-5 महामार्गावरच्या ग्रेपव्हाइनच्या सहा टक्के चढणीवर तिचे काय होते हे तो मला फोनवर सविस्तर ऐकवतो. इंजिनाची ताकद तिथे क्लचमधून नव्हे, टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून चाकांकडे जाते, आणि कन्व्हर्टरची दोन पाती वेगवेगळ्या गतीने फिरत असतात तोपर्यंत तो फरक तेल घुसळून उष्णतेत खर्च होतो. ही दोन पाती एकमेकांना जखडणारा लॉक-अप क्लच लागला की घुसळण थांबते आणि आकडा मिनिटभरात खाली येऊ लागतो. म्हणून चढणीवर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद करून एक गिअर खाली, जरा जास्त आरपीएमवर, लॉक-अप टिकवून चढावे. वरच्या गिअरमध्ये पाय दाबून रखडत चढणे हा तेल उकळण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

या गिअरबॉक्समध्ये सेन्सर कोठे आहे हे ठाऊक नसताना आकड्याची चर्चाच व्यर्थ आहे. तेल साठते त्या खालच्या चेंबरमधला सेन्सर तेलाचे सरासरी तापमान सांगतो आणि तो सावकाश हलतो. तिथे 80 ते 93 अंश सुखाचे, 110 ला पाय काढावा, 120 ला थांबावे. कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या नळीतला सेन्सर मात्र चढणीवर सेकंदांत 130 च्या पुढेही उडी मारतो आणि तितक्याच झपाट्याने उतरतो. तो आकडा चेंबरचा समजून घाबरू नये आणि तो बराच वेळ टिकला तर दुर्लक्षही करू नये. एकच सेन्सर बसवायचा असेल तर चेंबरमध्ये बसवावा, दुसरा परवडला तर नळीत. कोणती नळी जाणारी आणि कोणती येणारी, हे गार गाडी सुरू करून कोणती आधी तापते त्यावरून ओळखता येते. साधारण 80 अंशांच्या वर प्रत्येक दहा-अकरा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. तो काटेकोर नसला तरी तेल लवकर बदलण्याची बुद्धी देतो.

अशा गाड्यांत बहुधा गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्याच टाकीत असतो, त्यामुळे इंजिन तापले की गिअरबॉक्स तापतो आणि गिअरबॉक्स तापला की इंजिन. दोन्ही आकडे एकत्र चढत असतील तर कोणता आधी हलला ते पाहावे. हा कूलर आतून फुटला तर पाणी आणि तेल एकमेकांत मिसळतात, आणि गेजच्या काडीवर लाल तेलाऐवजी आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या दुधाच्या दाट शिकंजीत गुलाबाचे सरबत ओतल्यासारखा दाट गुलाबी द्रव दिसतो. असे दिसल्यावर गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

जुन्या गाडीत संगणकाचे सॉकेट शोधण्यात वेळ घालवू नये. अमेरिकेत ओबीडी-2 (गाडीच्या संगणकातून दोष आणि आकडे वाचण्याची व्यवस्था) हलक्या गाड्यांना 1996 पासून सक्तीचे झाले, आपल्याकडे ओबीडी 2010 नंतर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधीच्या गाडीत वायर ओढणे हाच मार्ग आहे.

न शिवता तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक मात्र जरूर बाळगावी. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खूपच कमी आकडा दाखवते, म्हणून गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि थर्मोस्टॅटच्या घरावर रुपयाएवढा काळ्या मॅट रंगाचा ठिपका देऊन नेहमी तिथेच, वीतभर अंतरावरून मोजावे. गरम रेडिएटरवरून ती फिरवली की गाळाने बंद झालेला भाग गार पट्ट्यासारखा सापडतो. घाट उतरून थांबल्यावर डाव्या आणि उजव्या चाकाचे ड्रम मोजावेत. एक दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल तर ब्रेक धरून बसला आहे किंवा बेअरिंग जात आहे. टर्बो असलेल्या डिझेलला सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचेही मीटर लावतात, आणि टर्बोच्या अलीकडे 700 अंश ही सर्वसाधारण मर्यादा धरतात. आमच्या इंजिनाला टर्बो नाही.

आकडा चढू लागल्यावर

पहिले काम पाय हलका करणे, दुसरे एक गिअर खाली घेणे, म्हणजे पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण उघडावा. मे महिन्यात हे ऐकून घरातली माणसे रागावतात, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. त्यातून गरम हवा येत असेल तर निदान पाणी फिरते आहे हे कळते. आकडा चढलेला आणि हीटरची हवा गार, असे दिसले तर पाणी संपले आहे, इंजिन तत्काळ बंद करावे.

पाणी शाबूत असेल तर थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये. न्यूट्रलमध्ये सुमारे 1200 आरपीएमवर दोन-तीन मिनिटे चालू द्यावे. आकडा उतरू लागला की बंद करावे. बंद केल्यावर तो पुन्हा काही अंश चढतो, कारण धातूतली उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते, त्याची भीती बाळगू नये. कॅपला तासभर हात लावू नये आणि गार पाणी गरम इंजिनात एकदम ओतू नये, हेडला तडा जातो.

बझर नेहमीच्या कमाल आकड्याच्या पाच अंश वर लावावा. आमचा 100 ला आहे. त्याहून खाली लावला तर तो प्रत्येक घाटात ओरडतो आणि दुसऱ्या प्रवासात कोणीतरी त्याची वायर काढून ठेवते. मीटर असे बसवावे की ते चालकालाही दिसेल आणि शेजारच्या सीटवरूनही. आमच्याकडे ते मध्यभागी आहे, वही सौभाग्यवतींच्या मांडीवर असते, आणि निघण्यापूर्वी पातळीच्या सेन्सरची वायर क्षणभर काढून बझर वाजतो का हे त्याच तपासतात.